बलक

आईची चप्पल रस्त्यात मागे राहिली होती आणि आई पुढे निघून गेली होती. झालं ते एवढंच. गाड्या थांबलेल्या, सिग्नल अजून सुटायचा होता, पलीकडच्या औषधाच्या दुकानाचं शटर अर्धं वर होतं, आणि रस्त्याच्या मधोमध, पांढऱ्या पट्ट्यावर, आईच्या डाव्या पायातली चप्पल कुणीतरी नीट काढून ठेवावी तशी पडली होती. लेक ती उचलायला वाकली तेव्हा पोट आडवं आलं. तिला पाचवा महिना लागला होता. "आई, अगं चप्पल!" ती ओरडली. आई पलीकडच्या फुटपाथवर पोचून मागे वळली आणि म्हणाली, "कुणाची?" भर दुपारचं डांबर होतं, चपलेच्या तळातूनसुद्धा चटका जाणवत होता, आणि त्याच्यावरून आई एक पाय अनवाणी टाकत चालत गेली होती. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नव्हती. "कुणाची म्हणजे? तुझी!" आईने खाली पाहिलं. शेजारणीचं मूल न सांगता दारात येऊन उभं राहावं आणि त्याच्याकडे बघावं, तशी ती स्वतःच्या पायाकडे बघत राहिली. मग हसली. "अगं बाई, खरंच की. निसटली वाटतं." दुकानाच्या पायरीवर आईला बसवून तिने तो पाय हातात घेतला. तळवा लालबुंद झाला होता, टाचेवर एक फोड धरत होता. तिने अंगठ्याने जोरात दाबलं. "दुखतंय?" आई रस्त्याकडे बघत होती. "कधी दाबणारेस?" आईने विचारलं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. तिची सगळी नोकरी एका जीवनसत्त्वावर चालली होती. बी-बारा त्याचं नाव. ते शरीरात कमी पडलं की आधी पायांना मुंग्या येतात, मग तळवे आपले राहत नाहीत, हे ती नव्या शिकाऊ मुलींना तोंडपाठ सांगायची. आणि घरात आई महिनाभर भिंतीला हात लावत चालत होती, ते तिने म्हातारपण समजून सोडून दिलं होतं. प्रयोगशाळेत ती जंत पाळायची. हो, जंतच. सुताच्या बारीक तुकड्याएवढे, काचेसारखे आरपार, जेलीच्या थरावर नागमोडी सरकणारे. इमारतीत तिला सगळे 'जंतवाली' म्हणत, आणि नवरा तिला जेवणाच्या टेबलापाशी थांबवून विचारायचा, "हात धुतलेस का गं जंतवाले, की पाहुणे घेऊन आलीस?" या जंतांत नर औषधापुरताच, बहुतेक सगळ्या आयाच. आईचं अंग आरपार असल्यामुळे तिच्या पोटातली अंडी एकामागे एक ओळीत दिसतात. आई खाते, ते आतड्यात जातं, आतडं त्याचा बलक करतं, बलक अंगभर पाझरून अंड्यांत शिरतो. बी-बाराही आतड्याच्या भिंतीतल्या एका दारातून असंच पोरांकडे जातं. ते दार कसं उघडतं, यावर त्या मजल्यावरची दहा माणसं पोट भरत होती. काही आयांचं ते दार जन्मापासून बंद असायचं. त्या आया गुटगुटीत राहायच्या आणि त्यांची अंडी मरून जायची. प्रयोगशाळेचे प्रमुख, सर, त्यांना 'कंजूष' म्हणायचे. तिला मात्र सगळ्यांत जास्त भीती वाटायची ती म्हाताऱ्यांची. अंडी घालून संपली, कुणी मागणारं उरलं नाही, तरी म्हातारी आई बलक करायची थांबत नाही. स्वतःचं आतडं विरघळवते, त्याचा बलक करते, मग तो अंगाबाहेर सांडतो आणि पोरं तो खाऊन टाकतात. सूक्ष्मदर्शकाखाली हे बघताना कुठलाच आवाज येत नाही. म्हातारी पातळ होत जाते, आणि तरी डोकं हलवत असते, हळूहळू, इकडून तिकडे.

डॉक्टरीणबाई गल्लीच्या कोपऱ्यावरच होत्या. त्यांनी दोघींचं रक्त तपासलं. आईच्या अंगात बी-बारा जवळजवळ नव्हतंच. पण तिच्याही अंगात जेमतेमच निघालं. "मायलेकी अगदी एका माळेचे मणी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तू तर दोन जिवांची. बाळाचा मेंदू, मज्जा, सगळं आत्ताच तयार होतंय. तुझ्याकडे नसलं तर ते आणणार कुठून?" मग आईकडे वळल्या. "आणि आजी, तुम्ही हसण्यावारी नेऊ नका. हे आधी पाय खातं, मग हात, मग डोक्यात शिरतं. पायांपर्यंत आहे तोवर आवरता येईल. डोक्यात शिरलं की जे गेलं ते गेलं." आई म्हणाली, "माझं डोकं शाबूत आहे हो. परवा गॅसवाल्याने हिशोबात घोळ घातला, तो कुणी पकडला?" ते खरंच होतं. आईचं डोकं म्हणजे कपाट होतं. त्यातली कुठलीही घडी अंधारातसुद्धा हाताला लागायची. दोघींना गोळ्या मिळाल्या. आईला जास्त ताकदीच्या, तिला बेताच्या. येताना आईने तिचा दंड धरला होता, आणि त्या पकडीत काहीतरी चुकतंय असं तिला वाटत राहिलं. घरी येऊन बाही वर केली तर आईच्या बोटांचे पाच निळे वण उमटले होते. किती जोरात धरलंय ते आईच्या हाताला कळलं नव्हतं.

तिच्या गोळ्या तिच्या पोटात ठरत नव्हत्या. पाचवा सरत आला तरी ओकाऱ्या थांबेनात. गोळी जिभेवर ठेवली की घशापाशी एक हात वर येऊन तिला बाहेर ढकलायचा. आठवडाभर तिने प्रयत्न केला. मग गोळी कागदात गुंडाळून केराच्या डब्यात टाकायला लागली. नवऱ्याला सांगितलं, घेते. आईला सांगितलं, घेते. खोटं बोलताना आपण आठ वर्षांच्या असल्यासारखं वाटायचं. त्या वयात ती जेवायला बसली की आई समोर बसायची, स्वतःचं ताट न घेता. "तू का नाही जेवत?" "तुझं होऊ दे, मग." आई नुसती बघायची. घास तोंडात गेला की आईचे ओठ मिटायचे. तिने गिळलं की आईचा घसा वरखाली व्हायचा. तिला ते आवडायचं, आणि त्याची शिसारीही यायची. कधीकधी ती मुद्दाम घास तोंडात धरून ठेवायची आणि आईच्या घशाकडे बघायची. तो थांबून राहायचा. आई शेवटी काय खायची, हे तिने आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. आता या वयात कळत होतं की पाहिलं नव्हतं, कारण बघायला ती कधी थांबलीच नव्हती. पोट भरलं की ती उठून खेळायला जायची.

आता आई तिला रोज दूध द्यायची. संध्याकाळी ती प्रयोगशाळेतून आली की टेबलावर ग्लास तयार. कोमट, गोड, थोडं खडूसारखं लागणारं. तिला वाटायचं आपलीच चव बिघडली आहे, दिवस गेल्यापासून पाणीसुद्धा लोखंडासारखं लागायचं. पण हे दूध मात्र आत ठरायचं. आई समोर बसायची. तिने घोट घेतला की आईचा घसा हलायचा. एवढ्या वर्षांनंतरही हलायचा. "तुझ्या गोळ्या घेतल्यास का गं?" ती आईला विचारायची. "हो तर. रिकामं पाकीट दाखवू?" आई पाकीट दाखवायची, एकेक खळगा फुटलेला. तरीही आईचे पाय आईकडे परत येत नव्हते. उलट आता बोटंही चालली होती. भाजी चिरताना बोट कापलं की आईला ते रक्त बघून कळायचं. ब्लाउजचे पाठचे हुक लावायला आई तिला हाक मारायची, आणि तो पाठीचा कणा बोटांखाली येताना ती आपोआप मणके मोजायला लागायची, जंतांची अंडी मोजावीत तसे. एकदा सुट्टीच्या दुपारी तिने सहज आईच्या खोलीचं दार ढकललं. आई पडदा ओढून झोपली होती. पडद्याचा रंग हिरवट, त्यातून ऊन आत झिरपत होतं, आणि आईचा चेहरा, गळा, उघडे हात सगळं हिरवं दिसत होतं. ती उंबऱ्यावरच खिळली. प्रयोगशाळेत त्यांनी जंतांत एक सोय करून ठेवली होती: ज्याला बी-बारा मिळत नाही तो निळ्या उजेडाखाली हिरवा चमकतो. पोट भरलेले काळोखात बुडून जातात, दिसतच नाहीत. उपाशी तेवढे उजळतात. पडदा आहे, नुसता पडदा आहे, ती मनाशी म्हणाली. आईने डोळे न उघडता विचारलं, "भूक लागली का गं?" ती दार लावून घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उगाच हात धूत उभी राहिली.

सातव्या महिन्यात पुन्हा दोघींचं रक्त तपासलं गेलं. डॉक्टरीणबाई तिच्यावर भलत्याच खूश. "वा! काठोकाठ भरलीस की. गोळ्या अगदी वेळच्या वेळी घेतेस वाटतं. बाळही छान आहे, काळजी मिटली." खोटेपणाचं बक्षीस मिळाल्यासारखं तिला ओशाळल्यागत झालं. मशीनचा घोळ असेल, किंवा आईच्या हातचं जेवण, किंवा दूध. माणसाला हवं ते कारण सापडतं, शोधायला बसलं की. आईची पातळी मात्र होती तिथेच होती. "गोळ्या चुकवत नाही ना आजी?" "एकही नाही," आई म्हणाली, आणि डॉक्टरीणबाईंच्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणाली. "मग पोट शोषून घेत नसेल. आता सुया घ्याव्या लागतील, दंडातून थेट. उद्याच सुरू करू. आधीच उशीर झालाय." आई म्हणाली, "सुई नको हो. बाळ येऊ दे, मग बघू." आणि कितीही समजावलं तरी, बाळ येऊ दे, बाळ येऊ दे, एवढंच. घरी येताना ती चिडलेली होती. आईच बोलत होती. कुठल्या रिक्षावाल्याने किती जास्त घेतले, तेही वर्षांनिशी. डोकं खरोखरच शाबूत होतं. ते तसंच राहायला हवं होतं. बाकी तिला काही नको होतं. या पोराला घेऊन ती घरी येईल तेव्हा आईने तिला नावाने हाक मारावी, एवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रयोगशाळेच्या अंधाऱ्या खोलीत ती सूक्ष्मदर्शकावर वाकून बसली होती. आता पोटामुळे बाजूने वाकावं लागायचं. तिच्याकडे जंतांचं एक घराणं होतं ज्याला पिढ्यान्‌पिढ्या बी-बाराशिवाय वाढवलं होतं. पहिली पिढी आईच्या शिदोरीवर निभावते, दुसरी ओढूनताणून, मग पोरं खुरटायला लागतात. आणि सगळी हिरवीगार चमकतात. तिने निळा उजेड लावला. काळोख. प्लेट हलवली. काळोखच. जंत होते, सरकत होते, साध्या उजेडात चांगले धष्टपुष्ट दिसत होते. पण एकही चमकत नव्हता. सर मागून येऊन डोळा लावून बघायला लागले. ते तसे मिस्कील माणूस. "काय गं, तुझी उपाशी पोरं तर तुडुंब जेवलेली आहेत! कोण चोरून खायला घालतंय यांना?" ती म्हणाली, "कोण घालणार सर? मी सोडून हात कुणी लावत नाही." आणि बोलता बोलता तिने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. हातात प्लॅटिनमची तार होती. जंत उचलायचा तर तारेच्या टोकाला जिवाणूंचा, म्हणजे त्यांच्या खाण्याचाच, एक चिकट ठिपका घ्यायचा. जंताला नुसता लावला की तो चिकटून वर येतो. ठिपका त्या-त्या प्लेटमधलाच घ्यायचा, हा पहिला नियम. आणि तिने, पोट अवघडल्यापासून, लांब हात नको म्हणून, जवळ पडलेल्या, बी-बारा घातलेल्या भरल्या प्लेटमधूनच ठिपका उचलायला सुरुवात केली होती. सवयीने. न बघता. एवढासा ठिपका, डोळ्याला दिसणारही नाही. तेवढा पुरला. उपाशी घराण्याला कित्येक आठवडे तिचाच हात भरवत होता. "अरे देवा," ती म्हणाली. सर म्हणाले, "जाऊ दे, पुन्हा करू. चूक सापडली ना? भागलं." पण तिच्या तोंडात एक चव आली होती. कोमट, गोड, खडूची.

ती रजा न टाकताच निघाली. संध्याकाळ व्हायची होती, जिन्यात कुणाच्या तरी रेडिओवर बातम्या चालल्या होत्या. किल्लीने हळूच दार उघडून ती स्वयंपाकघराच्या चौकटीशी उभी राहिली. आई ओट्यापाशी पाठमोरी होती. ओट्यावर दुधाचा ग्लास, शेजारी बशी. आई पाकिटातून गोळी काढत होती, आणि बोटांना गोळी लागत नव्हती. ती निसटली, घरंगळली. आई वाकून डोळ्यांनी ती शोधत राहिली, सापडली तेव्हा दोन्ही तळव्यांमध्ये धरून बशीत सोडली, आणि चमच्याच्या पाठीने चुरायला लागली. किती निवांतपणे. गुणगुणत. मग चुरा दुधात. मग ढवळणं. तिला ओरडायचं होतं, पण तोंडातून बाईच्या ऐवजी पोरीचा आवाज आला. "आई, काय करतेस?"

आई दचकली नाही. "साखर घालतेय."

"आई."

"बरं, नाही साखर. मग काय करू सांग? तुझ्या गोळ्या केरात जातात. केर कोण भरतं या घरात? मीच ना? कागदाची पुडी करून टाकतेस, जशी काही मला उघडता येत नाही. दुधातून ठरलं की नाही पोटात? ठरलं! काठोकाठ भरलीस, त्या बाई काय उगाच म्हणाल्या?"

"त्या गोळ्या तुझ्या आहेत. तुझे पाय गेले आई. हात चाललेत."

"पाय घेऊन मला कुठे नाचायला जायचंय? मी पिकलं पान. आज आहे, उद्या नाही."

"पण तुला डोक्याचं सांगितलं होतं ना त्यांनी?"

"सांगितलं होतं. तुझ्या आजीचंही असंच झालं. मला दिवस गेले तशी ती माझ्यापाशी येऊन राहिली. स्वतः काही खायची नाही, म्हणायची मला पचत नाही. शेवटी शेवटी मला ओळखायचीसुद्धा नाही. कोण गं तू, म्हणायची. पण ताट मात्र ओळखायची. ताट रिकामं झालं की हसायची." आईने हे अगदी सहज सांगितलं, बसचा नंबर सांगावा तसं. आणि ती उभ्या उभ्या पिढ्या मोजायला लागली. मोजायचंच तर काम होतं तिचं. आजी, आई, ती. पहिली शिदोरीवर निभावते, दुसरी ओढूनताणून. पोटातलं बाळ हललं, एका बाजूने दुसऱ्या बाजूला, संथ, डोकं हलवत.

"हे दूध तू प्यायचं," ती म्हणाली. "आत्ता. माझ्यासमोर." रडायला येत होतं आणि राग येत होता, आणि दोन्हींच्या खाली, लाज वाटावी इतकी, भूक लागली होती. आईने मुकाट्याने दोन्ही हातांनी ग्लास उचलला. काठावर ओठ टेकले. ग्लासावरून आई तिच्याकडे बघत होती, आणि घसा हलत नव्हता. ती थांबली. आई थांबली. तिच्या तोंडाला पाणी सुटलं. ते तिने गिळलं, आणि आईचा घसा हलला.

आईने ग्लास खाली घेतला. दूध होतं तेवढंच होतं. "असं करू या," ती समजावणीच्या सुरात म्हणाली. "मी येते सुई टोचून घ्यायला. उद्या सकाळी. तुझ्या गळ्याशपथ. रोज म्हणशील तर रोज घेईन. पण हे एवढं आजचं तू पी. वाया नको जायला."

"नक्की उद्या?"

"उद्या सकाळी. तू आणि मी."

सौदा वाईट नव्हता. सुई दंडातून जाते. दंडातलं काढून कुणाला देता येत नाही. एका ग्लासाच्या बदल्यात आईचं डोकं, म्हणजे फायद्याचाच सौदा, असं तिने स्वतःला सांगितलं, पण सांगेपर्यंत ग्लास तिच्या हातात आलेला होता. ती प्यायली. एका दमात, उभ्यानेच. तळाशी चुरा राहिला होता. बोट घालून तिने तोही चाटला. आई समोर उभी राहून बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं होतं की लेकीला वाटलं, हे झालं ते बरंच झालं. तिला आईचा पुळका आला. तिने आईला जवळ घेतलं. पोट मध्ये येत होतं, तरी घेतलं. "शहाणी गं माझी ती," आई म्हणाली आणि ग्लास विसळायला नळाखाली धरला. गीझरचं, वाफ येण्याइतकं गरम पाणी, आई त्यात हात धरून उभी. तिने पुढे होऊन घाईने नळ बंद केला.

"मग उद्या सकाळी किती वाजता निघायचं?" तिने विचारलं.

"कुठे गं?"

"उद्या, आई. सकाळी."

"उद्या काय?" आई म्हणाली. ओले हात पदराला पुसत, कुणी नवीनच माणूस घरात आल्यासारखं कौतुकाने तिच्याकडे बघत. तिने आईच्या चेहऱ्यावर लबाडी शोधली. डोळ्यांच्या कडांत शोधली, ओठांच्या कोपऱ्यांत शोधली. ती सापडली असती तर किती बरं झालं असतं.